क्लिक थ्रीच्या प्रत्येक रोलवर येणारा तो गोल पांढरा डाग आणि कडेचा धूर, शेवटी कारण सापडलं

घरातला जुना आग्फा क्लिक थ्री माळ्यावरून काढून त्यात परत रोल घालायला ज्यांनी सुरुवात केलीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला हा प्रॉब्लेम सोडवायला पाच रोल आणि जवळजवळ आठ महिने लागले, आणि त्यातले निदान तीन रोल तरी वाचले असते जर मला कोणी सुरुवातीलाच सांगितलं असतं की निगेटिव्ह नीट बघ, फक्त स्कॅन बघू नकोस.

कॅमेरा बाबांचा. बडोद्याला बनायचा हा, आपल्याकडे एकेकाळी घराघरात होता, १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, फोकस करायची भानगड नाही, ऊन की ढग एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. आमच्या घरातले माझ्या जन्माआधीचे सगळे फोटो ह्याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत आणि त्यातल्या एकावरही डाग नाही, त्यामुळे कॅमेरा मुळातच असा आहे हे मला कधीच पटणार नव्हतं.

तर प्रॉब्लेम असा. पहिला रोल सांगलीतच काढला, आयर्विन पूल, कृष्णेचा घाट, थोडे घरचे. धुऊन आल्यावर १२ पैकी चार फोटोंवर उंचीच्या बरोबर मध्यावर एक धूसर गोल पांढरा डाग, कडा मऊ, आणि एकात तर त्या डागाच्या आत एका अंकाची पुसट छाया. बाकीच्या काही फोटोंवर डाग नाही पण मधोमध एक आडवा फिकट पट्टा. आणि शेवटच्या दोन फोटोंना वरून आणि खालून दातरे असल्यासारखा पांढरा धूर आत घुसलेला. दुसरा रोल पन्हाळ्याला काढला, तिथेही तेच, फक्त डागाचे फोटो वेगळे. शेवटच्या दोन फोटोंचा धूर मात्र परत तिथेच, ११ आणि १२ वर.

मी आधी अर्थातच सगळ्यांना वाटतं तेच धरून चाललो, की मागचं झाकण नीट बसत नसणार, जुना कॅमेरा आहे, फटीतून उजेड जात असणार. म्हणून तिसऱ्या रोलला सगळ्या सांध्यांवर काळी टेप मारली. डाग आलाच. इथे एक सांगून ठेवतो, काही जण तुम्हाला फोम बदला म्हणतील. ते ३५ एमएमच्या एसएलआर कॅमेऱ्यांचं आहे, त्यांच्या झाकणाच्या खाचेत फोम असतो आणि तो वीस तीस वर्षांत चिकट होऊन झडतो. ह्या कॅमेऱ्यात फोम नसतोच, झाकणाची कड खाचेत बसते आणि उजेडाला वाकडं जावं लागतं म्हणून तो अडतो. तेव्हा फोमचं किट मागवू नका. खाच स्वच्छ आहे का आणि झाकण वाकलेलं नाही ना एवढंच बघा.

मग मी जे केलं ते ऐकायला फार शास्त्रशुद्ध वाटतं आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त चकवलं. आमच्या गल्लीतले एक स्टुडिओवाले काका आहेत, त्यांनी स्टुडिओ कधीच बंद केला पण सामान जपून ठेवलंय, त्यांच्याकडून जुन्या ब्रोमाइड पेपरचे, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचे, तुकडे आणले, अंधारात फिल्मच्या जागी तुकडा बसवला, कॅमेरा बंद केला, लेन्सवर काळं कापड बांधलं आणि गच्चीत भर उन्हात पंधरा मिनिटं चारी बाजूंनी फिरवून ठेवला. नंतर कागद धुतला. पांढराशुभ्र! एक ठिपका नाही. म्हणजे कॅमेऱ्यात उजेड शिरत नाही, म्हणजे चूक लॅबची, असा मी निष्कर्ष काढला आणि चौथा रोल दुसऱ्या लॅबला पाठवला. तिथूनही डाग घेऊनच आला, आणि पहिल्या लॅबला मी मनातल्या मनात जे बोललो होतो त्याचं फार वाईट वाटलं.

निगेटिव्ह घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी खिडकीच्या काचेवर धरली, पाच सेकंद बघितली आणि विचारलं, "मागची लाल खिडकी झाकली होतीस का?" मी म्हटलं, काका, पण ब्रोमाइडवर काहीच आलं नाही ना. त्यावर ते म्हणाले, "अरे, तो कागद आम्ही लाल दिव्याखालीच धुवायचो की रे. त्याला लाल दिसतच नाही."

इथे सगळं उलगडलं. कॅमेऱ्याच्या पाठीवर जी छोटी लाल खिडकी असते, ज्यातून रोलच्या मागच्या कागदावरचा नंबर दिसतो, ती लाल का असते? कारण ही पद्धत सुरू झाली तेव्हाच्या फिल्मला लाल उजेड जाणवायचा नाही, जसा ब्रोमाइडला जाणवत नाही. नंतर आलेल्या पॅनक्रोमॅटिक फिल्मना लालसकट सगळे रंग दिसतात. आज मिळणारी जवळजवळ प्रत्येक ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पॅनक्रोमॅटिकच आहे आणि कलर तर आहेच. म्हणजे ती लाल खिडकी आता थोडीफारच उजेड अडवते, खरं काम मागचा कागद करतो, आणि कागदाचा जाडपणा कंपनीगणिक वेगळा.

मग बाबांच्या फोटोंना का नाही आला डाग? हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता कारण त्यांच्या काळातही पॅनक्रोमॅटिक रोल होतेच, पूर्व जर्मनीची ओर्वो यायची, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू मिळायची. मला पटलेलं उत्तर तिहेरी आहे. एक म्हणजे ते रोल कमी स्पीडचे, ओर्वोचा एनपी २२ म्हणजे १२५ एएसए (फिल्मचा स्पीड मोजायचं माप), आणि मी घालत होतो ४००, म्हणजे तिप्पटीहून जास्त संवेदनशील. दुसरं म्हणजे बाबा एक रोल एका लग्नात नाहीतर एका सहलीत संपवायचे आणि मी एकेक फोटो जपून काढत रोल दोन दोन महिने कॅमेऱ्यात ठेवत होतो. आणि तिसरं, त्यांचा कॅमेरा कायम चामड्याच्या केसमध्ये असायचा, तिची पाठ त्या खिडकीवर आपोआप यायची. मी मात्र केस जुनी झाली म्हणून काढून ठेवली होती आणि कॅमेरा उघडाच गळ्यात अडकवून फिरत होतो. शिवाय माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीचा लाल तुकडा इतक्या वर्षांत विटून गुलाबी झालाय, नवीन असताना तो नक्कीच गडद असणार.

माझ्याकडे एक छोटी वही आहे, प्रत्येक फोटोची तारीख आणि जागा लिहितो. ती काढून बघितली तर डाग असलेले फोटो बरोबर तेच निघाले जे लाल खिडकीसमोर असताना कॅमेरा दिवसेंदिवस टेबलावर, नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डवर पडून होता. आणि आडवा फिकट पट्टा म्हणजे उन्हात उभं राहून रोल पुढे फिरवताना पडलेला उजेड, फिल्म सरकत असते त्यामुळे गोल न पडता रेघ पडते. पट्टा उंचीच्या मध्यावरच का, तर १२० च्या कागदावर नंबरांच्या तीन ओळी छापलेल्या असतात, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या चौकोनी फोटोंची ओळ मधली, म्हणून आपल्या कॅमेऱ्याची खिडकीही मध्यावर. ६ बाय ९ काढणाऱ्या कॅमेऱ्यात हाच डाग कडेला येईल.

काकांच्या बोलण्यावर विश्वास होताच पण खात्री करायला पाचवा रोल पूर्ण टेस्टसाठी वापरला. महाग पडतं, कबूल आहे, पण अंदाजाने पाच रोल घालवण्यापेक्षा एक रोल मुद्दाम घालवलेला परवडला. १ ते ३ नंबरला सगळं झाकलेलं, खिडकी पण आणि सांधे पण. ४ ते ६ ला फक्त खिडकी उघडी, प्रत्येक नंबरवर पाठ सूर्याकडे करून दहा मिनिटं ठेवला. ७ ते ९ ला खिडकी बंद, सांध्यांची टेप काढली, परत दहा दहा मिनिटं. १० ते १२ ला सगळं बंद आणि लेन्स सूर्याकडे, म्हणजे शटर बंद असताना पुढून उजेड गळतो का ते कळावं. प्रत्येक नंबरवर शेवटी समोरच्या भिंतीचा साधा फोटो काढला. ४, ५, ६ वर ठसठशीत डाग आले, ७ ते १० स्वच्छ. सांधे निर्दोष, शटर निर्दोष, बाबांचा कॅमेरा निर्दोष.

पण ११ आणि १२ च्या कडांना तो दातरी धूर परत होताच! म्हणजे हा वेगळा आजार, आणि मी इतके महिने दोन्ही एकच समजत होतो.

हा सैल रोलचा धूर. फिल्म दुसऱ्या रिळावर ढिली गुंडाळली गेली की रोल फुगतो, कागदाच्या कडा रिळाच्या चकत्यांना घट्ट टेकत नाहीत आणि बाहेर काढल्यावर त्या फटीतून उजेड आत उतरतो, दोन्ही कडांनी. ११ आणि १२ वरच का, कारण काढून झालेल्या रोलमध्ये शेवटचे फोटो सगळ्यात बाहेरच्या वेढ्यात असतात. ह्याच हिशोबाने जर तुमच्या १ आणि २ नंबरला धूर असेल तर तो भरताना किंवा भरायच्या आधी लागलाय, कारण न वापरलेल्या रोलमध्ये १ नंबर बाहेरच्या बाजूला असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं निदान घरबसल्या होतं.

निदान करायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गंमत तिथेच आहे. लॅबला सांगा की निगेटिव्ह परत पाहिजे, आणि स्कॅन करताना फ्रेमच्या बाहेरची कड पण दिसू द्या, नाहीतर ते कडा कापून पाठवतात आणि महत्त्वाचा पुरावाच जातो. निगेटिव्ह मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरा. निगेटिव्हवर हा डाग काळा दिसेल, उजेड लागलाय तिथे काळं. आता बघायचं की काळेपणा फ्रेमच्या चौकटीबाहेर, दोन फोटोंमधल्या कोऱ्या पट्टीत आणि फिल्मच्या कडेपर्यंत गेलाय का. गेला असेल तर उजेड मागून किंवा बाजूने आलाय, खिडकी, सांधा, नाहीतर सैल रोल. चौकटीच्या रेषेवर अगदी सरळ कापल्यासारखा थांबत असेल तर उजेड पुढून आलाय, शटर किंवा लेन्सच्या बाजूने. माझा एक डाग दोन फोटोंच्या मधल्या पट्टीत सांडलेला होता, ते मी पहिल्याच रोलला बघितलं असतं तर लॅबवर आणि शटरवर शंका घेतलीच नसती.

सांध्यातून गळत असेल तर डाग जवळजवळ प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. कुठला सांधा ते शोधायला फोटो उलटा धरा, म्हणजे डोकं खाली, आणि कॅमेरा पाठीमागून बघा. लेन्समधून प्रतिमा फिल्मवर उलटी पडते ना, त्यामुळे फोटोत वर उजव्या कोपऱ्यात दिसणारा डाग म्हणजे मागून बघताना कॅमेऱ्याचा खालचा डावा कोपरा. बरेच जण वरचा सांधा टेपने बुजवत बसतात आणि गळती खालून असते.

अंकांची छाया सगळ्या फोटोभर, तिन्ही ओळींची, बाण आणि ठिपक्यांसकट आली असेल तर दोष खिडकीचा नाही, खिडकी फक्त तिच्यासमोर असलेलंच छापू शकते. ती कागदाची शाई फिल्मवर उतरलेली असते, जुन्या किंवा दमट जागी राहिलेल्या रोलला होतं. अशा रोलची निगेटिव्ह एकूणच करडी येते. मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात म्हणून घेताना एवढं बघून घ्या, निदान टेस्टसाठी तरी ताजा रोलच वापरा.

आता उपाय. खिडकीवर मी आधी साधी इन्सुलेशन टेप लावली. दोन अडचणी, उन्हाळ्यात तिचा चिकटा सुटून खिडकीवर राहतो आणि मग नंबर दिसत नाही, आणि काही स्वस्त काळ्या टेप इतक्या पातळ असतात की टॉर्चसमोर धरल्या तर आरपार उजेड दिसतो, तुम्ही एकदा धरून बघाच. आता मी काळ्या जाड कार्डपेपरचा नखाएवढा तुकडा घेऊन त्याच्या आतल्या बाजूला काळं फेल्ट चिकटवलंय आणि वरच्या एकाच कडेला कापडी टेपने बिजागरीसारखा बसवलाय, खाली टेपचंच छोटं टोक दुमडून पकडायला ठेवलंय. नंबर बघायचा तेव्हाच उचलायचा. विटलेल्या लाल तुकड्यावर लाल जिलेटीन पेपरचे दोन थर आतून लावले, पण मनापासून सांगतो, त्याने फरक थोडाच पडतो, खिडकीवरचं झाकण महत्त्वाचं.

रोल फिरवताना उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत कॅमेरा पोटाशी धरून फिरवा. खिडकीचं झाकण तेव्हाच उघडा, नंबर यायच्या आधी बहुतेक रोलवर खुणेचे ठिपके येतात, ते दिसले की सावकाश. आणि हो, काही जण विचारतात की फोटो काढल्यावर लगेच फिरवावं की पुढच्या फोटोच्या आधी. डागाच्या दृष्टीने काही फरक नाही, खिडकीमागे कुठला ना कुठला फोटो असणारच, काढलेला असो की कोरा, दोघांनाही उजेड सारखाच लागतो. पण ह्या कॅमेऱ्यात एकावर एक फोटो पडू नये म्हणून अडवणारी काही सोय नाही, त्यामुळे काढला की लगेच फिरवायचा ही सवय बरी, नाहीतर आजी आणि आयर्विन पूल एकाच फोटोत येतात, आमच्याकडे आलेत.

सैल रोलसाठी भरतानाच काळजी. सावलीत, शक्यतो घरात, कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरळ घाला, तिरकं गेलं तर पुढे एका बाजूला चढत जातं. भरलेल्या रोलवर अंगठ्याने हलका दाब ठेवून दोन तीन वेढे घ्या म्हणजे सुरुवातच घट्ट होते. पण मुख्य कारण माझ्या कॅमेऱ्यात हे निघालं की भरलेलं रीळ फार मोकळं फिरतं, त्याला अडवणारं काही राहिलेलंच नाही. त्यावर काकांचा उपाय म्हणजे रोलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दुमडायचा आणि भरलेल्या रोलच्या खाली स्प्रिंगसारखा बसवायचा, गुळगुळीत बाजू रोलकडे. फिरवताना थोडासा जोर लागला पाहिजे, इतकाच. फार जाड केला तर कागद फाटेल. पुठ्ठ्याची धूळ आधी फुंकून टाका, नाहीतर फिल्मवर बारीक ठिपके येतात.

काढताना १२ व्या फोटोनंतर फिरवत राहा, कागदाचं टोक सुटून हाताला एकदम हलकं लागेपर्यंत, मगच कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. उघडल्याबरोबर दोन बोटांनी रोल दाबून धरा, टोक दुमडा, गोंदाची पट्टी ओली करून घट्ट चिकटवा. सैल वाटला तरी हाताने पिळून घट्ट करू नका, आत थर एकमेकांवर घासतात आणि ओरखडे येतात. लगेच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून डबीत.

फिल्मचा स्पीड. मी आता १०० किंवा १२५ च घालतो, फोमापॅन १०० किंवा इल्फर्डचा एफपी४. आपल्याकडच्या उन्हात ह्या कॅमेऱ्याला ४०० लागतच नाही, शटरचा एकच संथ वेग आहे, ४०० घातली तर निगेटिव्ह जाड काळी येते आणि खिडकीचा डागही जास्त. ४०० ठेवा पावसाळी दिवसांसाठी.

पावसाळ्यावरून आठवलं, सगळ्या फोटोंवर एकसारखा धुरकटपणा असेल, पांढऱ्या गोष्टींभोवती तेज पसरल्यासारखं दिसत असेल आणि तो फक्त चौकटीच्या आतच असेल तर ती गळती नाही, लेन्सवर ओल किंवा बुरशी बसलीये. कोकणातल्या मंडळींना हे हमखास. ब्लोअर, मऊ कापड, हलक्या हाताने. चामड्याची केस फिरायला जाताना वापरा, खिडकी झाकते म्हणून मी पण परत काढलीये, पण पावसाळाभर कॅमेरा तिच्यात बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं. डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

सहावा रोल मागच्या महिन्यात जोतिबाला काढला. तिथे गुलाल सगळीकडे, त्यामुळे कॅमेरा उघडायच्या आधी बाहेरून पूर्ण झटकून ब्लोअर मारून घेतला, नाहीतर तो खाचेत जाऊन बसला असता. ११ आणि १२ च्या कडा पहिल्यांदाच स्वच्छ आल्या. गोल डाग एकाही फोटोवर नाही. फक्त ७ नंबरवर मधोमध एक अगदी पुसट रेघ आहे, आणि वहीत बघितलं तर तो दीपमाळेजवळ भर दुपारी गर्दीत उभं राहून, खिडकीचं झाकण उघडं ठेवून घाईत फिरवलेला.